बाहेरचा कोण, हे सभेत ठरते

मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्यीय होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर भावनगरला जन्मलेले समाजवादी नेते अशोक मेहता. दोघांचीही कर्मभूमी मुंबई. मेहता निवडून आले, बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. निव्वळ बाहेरचेपणावर निकाल लागत असता, तर दोघेही पडायला हवे होते. कोणाचे परकेपण मोजायचे आणि कोणाचे सोडून द्यायचे, हे जन्मगावावरून ठरत नाही. ते प्रचारात ठरते.

मुळात भंडाऱ्याच्या या झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला, 'इथला' माणूस तरी कोण? भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. इथले कितीतरी तलाव कोहळी समाजाने बांधले. उताराचा अचूक अंदाज घेऊन मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांमधल्या धानाला पुरवायचे, ही त्यांची विद्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांचाच. आणि हे कोहळी आले कुठून? गोंड राजाने त्यांना बनारसहून आणले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. पोवार समाज आपले मूळ माळव्यात सांगतो. त्यांची पोवारी बोली आजही घराघरांत ऐकू येते. आज या दोन्ही समाजांना वगळून झाडीपट्टीची ओळख सांगताच येणार नाही. नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये मांडले होते, की समूहाची ओळख त्याच्या चालीरीतींपेक्षा त्याने आखलेल्या सीमेवर जास्त टिकते. चालीरीती बदलतात, माणसे ये-जा करतात, सीमा मात्र राहते. मला त्यापुढे एवढेच म्हणायचे आहे, की ही सीमा पुन्हा पुन्हा आखण्याचे काम राजकीय वादविवाद करतो.

वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत हे ठळक दिसते. १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासनिधी आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा कबूल केला. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. त्याच वर्षी बाबासाहेबांनीही मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली. पुढे दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाच्या अनुशेषाचे आकडे मांडले. हे गाऱ्हाणे खोटे नाही. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि पाण्याची वाट पाहण्यात शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या.

पण सभेत हा हिशेब लवकरच माणसांवर घसरतो. 'पश्चिम महाराष्ट्राला जास्त निधी मिळाला' या वाक्याचे 'ती माणसेच लबाड' असे होते, आणि पलीकडून 'वैदर्भीय आळशी' असे उत्तर येते. पहिले वाक्य तपासता येते, अंदाजपत्रक उघडून सरकारला जाब विचारता येतो. दुसऱ्याला पुरावा लागत नाही, म्हणून ते खोडताही येत नाही. तेच जास्त टिकते, कारण त्यात 'आपण' साधे, कष्टाळू आणि फसवले गेलेले असतो. स्वतःचे इतके सोयीचे चित्र कोण नाकारेल? मग आपल्याच पुढाऱ्याने काय केले, हा प्रश्न मागे पडतो. विदर्भाच्या न्याय्य मागणीचे सर्वांत मोठे नुकसान या भाषेने केले, असे मला वाटते.

रेघ एकदा आखायची सवय लागली, की ती आत सरकत जाते. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नवेगावबांध गोंदियात गेला. लोकसभेचा मतदारसंघ मात्र भंडारा-गोंदिया असा एकच आहे, दोन्हीकडचे तीन-तीन विधानसभा मतदारसंघ मिळून. आता उमेदवार भंडाऱ्याचा की गोंदियाचा, यावर चौकाचौकांत वाद रंगतो. साकोलीचा शेतकरी आणि अर्जुनी मोरगावचा शेतकरी धान तेच पिकवतात, खरेदी केंद्रावर पोती घेऊन तसेच ताटकळतात. चुकारे वेळेवर का मिळत नाहीत, हे दोघांनाही एकाच खासदाराला विचारायचे असते.