अर्थसंकल्प रखडतो, व्याज शाळा भरते

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि शाळा साधारण ऑगस्टच्या शेवटी उघडतात. मधल्या काळात नेत्यांनी हवे तेवढे भांडून घ्यावे, एवढी सवड असते. 2015 मध्ये ती पुरली नाही. त्याच वर्षी गव्हर्नर झालेल्या डेमोक्रॅट टॉम वुल्फ यांना नैसर्गिक वायूच्या उत्खननावर कर बसवून शाळांना जास्त पैसे द्यायचे होते. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचे, आणि त्यांना नवा कर मान्य नव्हता. त्यांनी पाठवलेला अर्थसंकल्प वुल्फ यांनी 30 जूनला अख्खा फेटाळला. तिढा सुटेपर्यंत पुढच्या वर्षीचा मार्च संपत आला.

शाळा मात्र ठरल्या वेळी भरल्या.

अर्थसंकल्प मंजूर नसेल, तर तिजोरीत पैसे असूनही राज्याला शाळांचे नेहमीचे अनुदान पाठवता येत नाही. पेनसिल्व्हेनियात 500 ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ आहेत. बहुतेकांचे स्वतंत्र निवडून आलेले मंडळ, स्वतःचा हिशेब आणि स्थानिक घरजमिनीवर कर लावण्याचा स्वतःचा अधिकार. हा कर बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत जमा होतो, म्हणून पहिले महिने निभावतात. खरा फरक पुढे दिसतो. महागड्या घरांच्या उपनगरात शाळांचा बहुतेक खर्च याच करातून निघतो, त्यामुळे तिथे राज्याचे पैसे उशिरा आले तरी फारसे बिघडत नाही. जिथे कारखाने बंद पडले आणि घरांना गिऱ्हाईक नाही, तिथली शाळा राज्याच्या अनुदानावरच उभी असते. थोडक्यात, उशीर सगळ्यांना सारखाच, पण चटका गरिबाच्या शाळेला.

फिलाडेल्फियाजवळचे चेस्टर अपलँड हे त्याचे ठळक उदाहरण. ऑगस्ट 2015 मध्ये तिथल्या मंडळाकडे पगाराला पैसे उरले नव्हते, आणि शिक्षकांनी व इतर कर्मचाऱ्यांनी बिनपगारी कामावर यायचे ठरवले. 2012 मध्येही त्यांच्यावर हीच वेळ आली होती. इथे सगळा दोष रखडलेल्या अर्थसंकल्पाच्या माथी मारणे बरोबर नाही. चार्टर शाळांना (सरकारी पैशावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांना) द्यावी लागणारी मोठी रक्कम या मंडळाला आधीपासूनच पोखरत होती. पण आधीच तोल गेलेल्याला धक्का केवढा लागतो, हे त्या वर्षी दिसले.

इतर अनेक मंडळांनी बँकांचे दार ठोठावले. तिढा संपेपर्यंत राज्यातल्या शाळा मंडळांनी उचललेले कर्ज 1 अब्ज डॉलरच्या घरात गेले होते. त्या कर्जावरच्या व्याजाने आणि बँकांच्या शुल्काने ना एक पुस्तक आले, ना एक शिक्षक. त्यात आणखी एक गंमत, अर्थात कडवट. शाळा मंडळाने हप्ता चुकवला, तर त्याच्या अनुदानातून तो परस्पर भरू, अशी राज्याची हमी असायची आणि तिच्या बळावर कर्ज स्वस्तात मिळायचे. पण अनुदानच अडकले, तर हप्ता वळता करायचा कशातून? पतमानांकन संस्थांनी नेमके यावरच बोट ठेवले. म्हणजे कर्जाची गरज वाढली त्याच वेळी शाळांची पत डळमळली. 29 डिसेंबरला वुल्फ यांनी काही बाबी खोडून अर्थसंकल्पावर सही केली, तेव्हा कुठे शाळांना साधारण सहा महिन्यांपुरते पैसे सुटले.

पुढे 2023 मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने स्थानिक मालमत्तेच्या किमतीवर इतकी विसंबलेली ही शाळा-निधीची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. तरीही वेळेत अर्थसंकल्प मंजूर करण्याची शिस्त काही आली नाही. 2025 मध्ये गव्हर्नर जॉश शापिरो यांची सही व्हायला 12 नोव्हेंबर उजाडला, तोवर शाळा पुन्हा उसनवारीवर. कॅलिफोर्नियाने यावर रोखठोक उपाय काढला आहे. 2010 मध्ये मतदारांनी कौल दिला, की 15 जूनपर्यंत अर्थसंकल्प संमत झाला नाही तर आमदारांचा उशिराच्या दिवसांचा पगार कायमचा बुडेल. पगार थकण्याचा अनुभव शिक्षकांपुरता का ठेवायचा?

आपल्याकडे असा पेच सहसा येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम 206 मध्ये लेखानुदानाची, म्हणजे पूर्ण अर्थसंकल्पाआधी तात्पुरत्या खर्चाला मंजुरी देण्याची, सोय आहे. 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे महाराष्ट्राचा पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला मांडला गेला, पण फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पामुळे कारभार अडला नाही. आपला उशीर मंजुरीनंतर सुरू होतो. शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेत बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्याचा वाटा 60:40 असा आहे. एकाचा हप्ता थांबला, की शाळेपर्यंतची सगळी साखळी थांबते. तामिळनाडूने केंद्राच्या ‘पीएम श्री’ या दुसऱ्या शाळा-योजनेच्या करारावर सही केली नाही, तेव्हा समग्र शिक्षेचे 2024-25 चे सुमारे 2,152 कोटी रुपये केंद्राकडेच राहिले आणि राज्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत हाच उशीर पोषण आहाराच्या चुलीपाशी दिसतो. तांदूळ सरकारकडून येतो, पण इंधन-भाजीपाल्याचा खर्च अनेक ठिकाणी मुख्याध्यापक आधी स्वतः करतात आणि बिले मागाहून निघतात. पेनसिल्व्हेनियात बँक कर्ज देते, निदान त्याची कागदोपत्री नोंद तरी होते. इथे सावकार म्हणजे मुख्याध्यापकांचा खिसा किंवा गावातला किराणा दुकानदार, आणि तो व्याज लावत नाही म्हणून हे कर्ज कुठल्याच हिशेबात दिसत नाही. पटसंख्या 30 पर्यंत असलेल्या शाळेला समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये, म्हणजे महिन्याला साडेआठशेही नाहीत. खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, सगळे त्यातच. ते मार्चअखेर हातात पडले, तर 31 तारखेच्या आत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र देण्याची धावपळ सुरू होते, आणि ज्या महिन्यांसाठी ते पैसे होते ते केव्हाच सरलेले असतात.