रिओहा : द्राक्षांच्या मुलखात मुक्काम आणि जेवण

युरोपच्या सहलीत स्पेन घेतले तरी बहुतेक कुटुंबे माद्रिद आणि बार्सिलोना पाहून परततात. उत्तरेकडचा रिओहा यादीतून गळतो. "तो वाइनचा मुलूख, आपल्याला तिथे काय करायचे?" असा सर्वसाधारण समज आहे. घरात आई-बाबा शाकाहारी, कुणी अजिबात न घेणारे, शिवाय बरोबर लहान मुले, म्हणजे हा प्रश्न पडणे साहजिकच. पण आल्यागेल्याची सोय करण्याची इथली रीत आजच्या वाइन व्यापाराहून कितीतरी जुनी आहे, आणि या खोऱ्यातली भाजी द्राक्षांइतकीच नावाजलेली आहे. राहायचे कुठे, जेवायचे किती वाजता आणि मागवायचे काय, एवढे आधी समजून घेतले तर पिणारे आणि न पिणारे दोघेही इथून तृप्त होऊन परततात.

मुलूख आणि त्याचा इतिहास

एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी सुमारे शंभर किलोमीटर पसरलेले हे खोरे आहे. उत्तरेची सिएरा दे कांताब्रिया ही डोंगररांग समुद्रावरचा थंड, ओला वारा अडवते. त्यामुळे खोऱ्यात पाऊस बेताचा आणि ऊन चांगले. वाइनचा रिओहा आणि सरकारी नकाशावरचा ला रिओहा प्रांत मात्र तंतोतंत एक नाहीत. लाग्वार्दिया, एल्सिएगो ही प्रसिद्ध वाइनची गावे शेजारच्या बास्क प्रदेशात मोडतात.

इथून सान्तियागोला जाणारी ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट जाते. अकराव्या शतकात दोमिंगो नावाच्या साधूने या वाटेवर रस्ता केला, नदीवर पूल बांधला आणि पायी येणाऱ्यांसाठी निवारा उभारला. तो ११०९ मध्ये वारला. त्याच्याभोवती वसलेल्या गावाचे नाव सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा. 'काल्सादा' म्हणजे बांधीव रस्ता. वारीच्या वाटेवरच्या धर्मशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या गावाची घडण लगेच उमगेल.

आजच्या वाइनचा इतिहास त्यामानाने अलीकडचा. १८६० नंतर फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा पोखरल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी माल शोधत इकडे आले. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत वाइन मुरवण्याची पद्धत याच काळात इथे रुळली. माल आगगाडीने जाणार म्हणून आरो गावात स्टेशनलगतच वाइनची कोठारे उभी राहिली. लोपेस दे एरेदिया (१८७७), कूने (१८७९), ला रिओहा आल्ता (१८९०) ही जुनी घराणी आजही तिथेच आहेत आणि एकातून दुसरीकडे चालत जाता येते.

मुक्काम कुठे करावा

रोज नवे हॉटेल आणि रोज सामान बांधणे, हे इथे करू नये. गावे एकमेकांपासून जवळ आहेत. आरो ते लोग्रोन्यो जेमतेम ४५ किलोमीटर. एक गाव धरून तीन रात्री राहावे.

गाडी चालवायची नसेल तर लोग्रोन्यो बरे. प्रांताची राजधानी असल्याने रेल्वे आणि बस दोन्ही आहेत. जुन्या भागात खोली घेतली की रात्रीच्या जेवणाहून चालत परतता येते, आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असताना ही मोठीच सोय आहे.

शांतता हवी असेल तर टेकडीवरचे तटबंदीचे लाग्वार्दिया. घरांच्या पोटात वाइनची जुनी तळघरे असल्यामुळे तटाच्या आत गाड्यांना मज्जाव आहे. सामान वेशीपासून न्यावे लागेल का, हे हॉटेलला आधी विचारून ठेवावे.

इतिहासाच्या कुशीत राहायचे असेल तर सान्तो दोमिंगोत दोमिंगोच्या त्या जुन्या निवाऱ्यातच आज 'पारादोर' आहे. पारादोर ही स्पेनच्या सरकारी हॉटेलांची साखळी. १९२८ पासून किल्ले, मठ, वाडे अशा वास्तूंत तिची बरीच हॉटेले थाटली गेली. समोरच्या कॅथीड्रलमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी पाळलेली दिसतात. निरपराध यात्रेकरूची साक्ष द्यायला ताटातला भाजलेला कोंबडा आरवला, ही त्यामागची आख्यायिका मुलांना फार आवडते. आरोमध्येही चौदाव्या शतकातल्या मठात हॉटेल आहे.

एल्सिएगोतले, फ्रँक गेरी यांनी रचलेले, रंगीत धातूच्या लाटा मिरवणारे हॉटेल २००६ पासून सुरू आहे. ते महागडे आहे. बाहेरून पाहायला मात्र जरूर जावे.

तारखा ठरवताना दोन सण लक्षात ठेवावेत. २९ जूनला आरोत माणसे एकमेकांना वाइनने भिजवून काढतात, आणि २१ सप्टेंबरच्या आसपास लोग्रोन्योत सान मातेओचा सुगीचा उत्सव असतो. त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर गर्दी कमी आणि वेलींची पाने लाल-पिवळी झालेली असतात.

इथले घड्याळ

आपली मंडळी उपाशी राहतात ती पदार्थांमुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. दुपारचे जेवण दीड-दोनच्या पुढे, रात्रीचे साडेआठ-नऊच्या पुढे. संध्याकाळी सहाला बहुतेक स्वयंपाकघरे बंदच असतात. रविवारी रात्री आणि सोमवारीही अनेक ठिकाणी सुट्टी असते.

म्हणून मुख्य जेवण दुपारी घ्यावे. कामाच्या दिवशी 'मेनू देल दिआ' मागावा. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा फळ, असे हे ठरावीक दराचे जेवण साधारण १५ ते २० युरोत होते. रात्री हलके खावे. त्यासाठी लोग्रोन्योची लाउरेल गल्ली आहे. इंदूरच्या सराफ्यात जसे एका ठिकाणी भुट्ट्याचा कीस आणि दुसरीकडे गराडू खातो, तसेच इथे. प्रत्येक बारची एखादी खासियत असते, ती उभ्याउभ्या खायची आणि पुढच्या दारी जायचे. या घासभर पदार्थांना पिंचो म्हणतात. मुलांना घेऊन जाण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी काय मागवावे

एब्रोकाठची भाजी स्पेनभर नावाजलेली आहे. कालाओर्राचा फ्लॉवर आणि रिन्कोन दे सोतोची नाशपाती यांना आपल्या हापूससारखी भौगोलिक ओळख मिळालेली आहे. आर्टिचोक, पांढरे अस्पॅरॅगस, भाजून सोललेली पिकियो मिरची, ताज्या शेंगांतले पोचास नावाचे पांढरे दाणे, सगळे चवीचे.

अडचण वेगळीच आहे. इथे भाजीत थोडे डुकराचे मांस घालणे म्हणजे आपल्याकडे आमटीला फोडणी देण्याइतके नित्याचे. मिश्र भाजीच्या मेनेस्त्रात बऱ्याचदा हॅम असते. कापार्रोनेस हा आपल्या राजम्याच्या नात्यातला पदार्थ, पण त्यात चोरिसो सॉसेज. रिओहाच्या प्रसिद्ध बटाट्यांतही तेच. मिश्र सॅलडवर ट्यूना मासा येतो, आणि लाउरेल गल्लीतल्या लोकप्रिय मशरूम पिंचोच्या टोकाला छोटी कोळंबी टोचलेली असते. नुसते "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नकोत, असे तिन्ही शब्द सांगावेत. अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, जवळजवळ सगळीकडे मिळते.

जेवण सौम्य असते. तिखटाची आठवण झाली तर 'अलेग्रियास' मागावीत. या इथल्या झणझणीत लाल मिरच्या, आणि शब्दाचा अर्थ 'आनंद'! आर्नेदोचा फार्देलेहो हा बदामाचे सारण भरलेला तळणीचा पदार्थ थेट करंजीच्या कुळातला. त्याच्या पारीत मात्र बहुधा डुकराची चरबी असते, तेव्हा विचारूनच घ्यावा.

मांसाहारी मंडळींनी कोकराच्या बरगड्या सोडू नयेत. हिवाळ्यात वेली छाटल्यावर उरलेल्या काटक्या जपून ठेवतात आणि त्यांच्याच निखाऱ्यावर त्या भाजतात. थोडा खर्च करायचा असेल तर एस्कराय या डोंगरातल्या गावी एचाउर्रेन आहे. तिथल्या मारिसा सान्चेस यांच्या क्रोकेतांनी नाव कमावले आणि पुढे त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस पानिएगो यांच्या पाककलेला मिशेलिनचे दोन तारे मिळाले.

पिणारे आणि न पिणारे

लाल वाइनच्या बाटलीवरचे तीन शब्द कळले की पुरे. क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली, रेसेर्वा तीन, ग्रान रेसेर्वा पाच. वर्षे वाढली म्हणून ती आपल्याला आवडेलच असे नाही. जेवणाबरोबर क्रियान्सा उत्तम. कोठार पाहायला जायचे तर वेळ आधी ठरवून घ्यावी, दिवसात दोनपेक्षा जास्त ठेवू नयेत. चव घेऊन वाइन थुंकणे तिथे शिष्टसंमत आहे. गाडी चालवणाऱ्याने तेच करावे, नाहीतर टॅक्सी घ्यावी.

न पिणाऱ्यांनी बारमध्ये 'मोस्तो' मागावा. हा द्राक्षांचा गोड रस, मुलांनाही चालतो. ब्रियोनेसचे विवांको संग्रहालय द्राक्षशेतीची हजारो वर्षे दाखवते, ते पाहायला वाइन प्यावी लागत नाही. भाषेची आवड असणाऱ्यांनी एक दिवस सान मियानच्या मठांना द्यावा. तिथल्या लॅटिन पोथीच्या समासात सुमारे हजार वर्षांपूर्वी कुणा साधूने बोलीभाषेत अर्थ टिपून ठेवले, आणि आजच्या स्पॅनिशचा उगम सांगताना त्या टिपणांचा हटकून उल्लेख होतो. हे मठ १९९७ पासून जागतिक वारसा आहेत.

शेवटी एक रीत. जेवण झाल्यावर टेबलाशी रेंगाळून गप्पा मारणे याला स्पॅनिशमध्ये 'सोब्रेमेसा' असा खास शब्द आहे. म्हणून वेटर आपण होऊन बिल आणत नाही; तुम्हाला उठवणे त्याला असभ्य वाटते. निघायचे असेल तेव्हा "ला क्वेन्ता, पोर फावोर" म्हणावे. घाई नसेल तर म्हणूही नये. पानावर बसून हात वाळेपर्यंत गप्पा मारणाऱ्या आपल्या माणसांना ही रीत शिकवावी लागणार नाही.