आवाज घुमतो, शब्द हरवतो

किनवट भागात आपल्या बचत गटांच्या बैठका कधी समाजमंदिरात होतात, कधी शाळेच्या खोलीत. खाली फरशी, सिमेंटच्या भिंती, वर पत्रे. अध्यक्षताई हप्ता आणि व्याज सांगतात, पण मागं बसलेल्या बायांना नुसता गलका ऐकू येतो. न ऐकताच ठरावावर सही-अंगठा होतो. पैशाच्या कामात हे बरं नाही.

असं का होतं? आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. कडक, गुळगुळीत भिंतीवर आपटून तो परत येतो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर चढतो. विजापूरच्या गोल घुमटात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. तिथल्या सज्ज्यात भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या टोकाला ऐकू जाते, एक टाळी अनेकदा घुमते. पाहुण्यांना त्याची मौज वाटते, पण आपल्याला हिशेब नीट ऐकायचा असतो.

जुन्या माळवदाच्या घरात आवाज इतका घुमत नाही. मातीच्या भिंती, धान्याची पोती, अंथरुणं तो शोषून घेतात.

मग आपणही तेच करूया. मागच्या भिंतीला दोरी बांधून जाड गोधड्या सोडूया. खाली सतरंज्या अंथरूया. बोलणारीनं भिंतीजवळ उभं राहून सावकाश बोलावं, बाकीच्यांनी तिच्यासमोर अर्धगोल करून जवळ बसावं. पत्र्यावर पाऊस वाजू लागला, तर हिशेब थांबवावा.

आणि सही करण्याआधी सगळ्यात मागं बसलेल्या ताईनं हप्ता किती, व्याज किती, हे मोठ्यानं सांगावं. तिला ऐकू आलं, तरच ठराव झाला असं धरूया.