निवृत्त चाचणी-अणुभट्टीची वार्षिक सुरक्षा-तपासणी : स्वरूप, प्रयोजन आणि मर्यादा

प्रस्तावना

अणुभट्टीच्या सुरक्षिततेविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुतांशी चालू भट्ट्यांविषयी असते. भट्टी बंद झाली की तिच्याविषयीचे कुतूहल ओसरते आणि चिंताही ओसरते. वस्तुतः साखळी-अभिक्रिया थांबणे आणि किरणोत्सर्ग थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली काही क्षणांत घडते, दुसरीला दशके लागतात. या मधल्या काळात भट्टीचे काय होते, तिच्यावर लक्ष कोण ठेवते आणि ते लक्ष पुरेसे असते काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ‘जनरल इलेक्ट्रिक टेस्ट रिॲक्टर’ हे उदाहरण मुख्यत्वे घेतले असून, शेवटी भारतातील परिस्थितीचा थोडक्यात निर्देश केला आहे.

चाचणी-अणुभट्टी म्हणजे काय?

वीजनिर्मितीच्या भट्टीत उष्णता हे उत्पादन असते आणि न्यूट्रॉन हे तिचे साधन. चाचणी-भट्टीत हा संबंध उलटा होतो. येथे न्यूट्रॉनांचा तीव्र झोत हवा असतो आणि उष्णता ही काढून टाकावयाची गोष्ट ठरते. नव्या इंधनाचे नमुने, धातू व मिश्रधातू या झोतात ठेवून ते किती काळ टिकतात, फुगतात की ठिसूळ होतात हे पाहिले जाते. वैद्यकीय व औद्योगिक उपयोगाचे समस्थानिकही अशा भट्टीत तयार करता येतात. अमेरिकेच्या नियमांनुसार दहा मेगावॅटहून अधिक औष्णिक क्षमतेची संशोधनात्मक भट्टी ‘चाचणी-भट्टी’ या वर्गात मोडते. एक मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या भट्टीत इंधनाचे प्रयोग करण्यासाठी स्वतंत्र अभिसरण-नलिका असेल, तर तिचाही समावेश याच वर्गात होतो. क्षमता जास्त आणि प्रयोग धोक्याचे, म्हणून विद्यापीठांतील लहान भट्ट्यांपेक्षा या वर्गावरील बंधने अधिक कडक असतात.

वॅलेसिटोस येथील भट्टी

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील टेकड्यांत, अलामेडा परगण्यातील प्लेझंटन व सुनोल या गावांजवळ जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेले वॅलेसिटोस अणुकेंद्र आहे. १९५७ साली याच केंद्रात उकळत्या पाण्यावर चालणारी एक लहान भट्टी सुरू झाली आणि तिची वीज सार्वजनिक वीजजाळ्यात सोडण्यात आली. वीजनिर्मितीच्या भट्टीसाठी अमेरिकेत दिलेला पहिला परवाना तिचाच होय. ती १९६३ मध्ये बंद झाली. या प्रकारच्या भट्ट्यांविषयी कंपनीने जो अनुभव मिळवला, त्याच परंपरेतील दोन भट्ट्या १९६९ मध्ये महाराष्ट्रात तारापूर येथे कार्यान्वित झाल्या. त्यामुळे वॅलेसिटोसचे नाव मराठी वाचकाला अपरिचित असले, तरी त्याचा आपल्याशी काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही.

याच केंद्रातील चाचणी-भट्टीला १९५९ च्या जानेवारीत चालविण्याचा परवाना मिळाला. परवान्याचा क्रमांक ‘टीआर-१’ असा आहे. पुढे तिची औष्णिक क्षमता पन्नास मेगावॅट होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये ती थांबविण्यात आली, मात्र या थांबण्याला यंत्रातील बिघाड कारणीभूत नव्हता. भट्टीच्या अगदी निकटून ‘व्हेरोना’ नावाचा भूभंग जात असावा असे भूशास्त्रीय अभ्यासातून पुढे आले आणि मूळ आराखड्यात अशा भूभंगाचा विचार नव्हता. तेथील खुणा भूभंगाच्या नसून जुन्या दरडींच्या आहेत, असा प्रतिवाद कंपनीच्या बाजूने झाला. चर खणून मातीचे थर तपासण्यात आले आणि सुनावण्या वर्षानुवर्षे चालल्या. विशिष्ट सुधारणांनंतर भट्टी पुन्हा चालविता येईल असा निर्णय १९८२ मध्ये परवाना-मंडळाकडून मिळाला. परंतु तोवर तिचे आर्थिक प्रयोजनच उरले नव्हते. ती पुन्हा सुरू झाली नाही. १९८६ मध्ये तिचा परवाना ‘केवळ ताब्यात ठेवण्याचा’ परवाना झाला. मालकाने ती बाळगावी आणि सांभाळावी, पण चालवू नये, असा त्याचा अर्थ.

निवृत्तीनंतर काय उरते?

निवृत्त भट्टीतील इंधन बाहेर नेले की सर्वांत मोठा धोका नाहीसा होतो. वितळण्यासारखे काही उरत नाही आणि शीतकरण खंडित होण्याची भीतीही राहत नाही. तथापि दोन प्रकारचा किरणोत्सर्ग मागे राहतो. वर्षानुवर्षे न्यूट्रॉनांचा मारा सोसलेले पोलाद, ॲल्युमिनियम व काँक्रीट स्वतःच किरणोत्सारी झालेले असते, हा पहिला प्रकार. नळ, टाक्या, गाळण्या, फरशीच्या भेगा यांत मुरलेले दूषित द्रव्य हा दुसरा. पहिला प्रकार धातूच्या अंगात बसलेला असल्यामुळे हलत नाही. दुसरा मात्र पाणी, धूळ वा कर्मचाऱ्याचे पादत्राण यांच्याबरोबर प्रवास करू शकतो. तपासनीसाचे लक्ष दुसऱ्याकडे अधिक असते ते याचमुळे.

काळाचा परिणाम प्रत्येक समस्थानिकावर निराळा होतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षे आहे. पन्नास वर्षांत त्याची किरणोत्सारिता मूळच्या सुमारे सातशेव्या भागावर येते. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असून तेवढ्याच काळात त्याचा सुमारे सहा टक्के अंश उरतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षे असल्यामुळे जवळजवळ एकतृतीयांश शिल्लक राहतो. निकेल-६३ चे अर्धायुष्य सुमारे शंभर वर्षे असल्यामुळे त्याचा सत्तर टक्के भाग पन्नास वर्षांनंतरही कायम असतो. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची अडचण उद्भवते. कोबाल्टचे गॅमा किरण साध्या मापकानेही सहज ओळखता येतात, आणि इतर, मापनास कठीण अशा समस्थानिकांचा अंदाज पुष्कळदा त्याच्याच प्रमाणावरून बांधला जातो. निकेल-६३ मात्र फक्त क्षीण बीटा किरण सोडते. ते अंगाबाहेरून फारसे अपायकारक नसले, तरी प्रयोगशाळेतील विश्लेषणाशिवाय सापडत नाही. म्हणजे काळाबरोबर धोका घटतो, तसा त्याचा माग देणारा साक्षीदारही घटत जातो.

थांबण्याचा मार्ग

भट्टी कायमची मोडीत काढण्याच्या प्रक्रियेला डीकमिशनिंग म्हणतात. तिचे तीन मार्ग परंपरेने मानले जातात. पहिला तत्काळ विघटनाचा, दुसरा सुरक्षित साठवणीचा आणि तिसरा सर्व काही काँक्रीटमध्ये कायमचे बंदिस्त करण्याचा. वॅलेसिटोसच्या चाचणी-भट्टीसाठी दुसरा मार्ग पत्करण्यात आला. किरणोत्सारिता घटण्याची वाट पाहिल्याने कामगारांना मिळणारी मात्रा कमी होते, ही त्याची जमेची बाजू. एकाच आवारात इतर अणुकार्य चालू असेल तर रखवालीचा वेगळा खर्चही फारसा पडत नाही. परंतु वाट पाहणे म्हणजे काही न करणे नव्हे. या काळात परवाना जिवंत असतो, त्याला जोडलेल्या तांत्रिक अटी लागू असतात आणि नियामकाची तपासणीही चालू राहते.

वार्षिक तपासणीचे स्वरूप

१९७५ पासून अमेरिकेत ही जबाबदारी न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनकडे, म्हणजे नियामक आयोगाकडे, आहे. बंद भट्टीच्या वार्षिक तपासणीत सामान्यतः पुढील बाबी पाहिल्या जातात.

पहिली बाब संघटनेची. भट्टीला कोण जबाबदार आहे, परवान्यात सांगितलेली पदे भरलेली आहेत काय आणि सुरक्षा-समितीच्या बैठका होतात काय, हे तपासले जाते. दुसरी बाब बदलांची. एखादी झडप काढली, दार बदलले वा वायुवीजन बंद केले, तर त्याचा सुरक्षिततेवर होणारा परिणाम आधी लेखी तपासला होता काय, हे पाहिले जाते. तिसरी बाब किरणोत्सर्ग-संरक्षणाची. तिच्यात नियतकालिक मोजमापे, पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने, मापकांचे अंशांकन, इशाऱ्याचे फलक, कुलुपे आणि कर्मचाऱ्यांच्या मात्रांच्या नोंदी येतात. अमेरिकेच्या नियमांत कर्मचाऱ्यासाठी वर्षाला पन्नास मिलिसीव्हर्ट आणि सर्वसामान्य नागरिकासाठी एक मिलिसीव्हर्ट ही कमाल मर्यादा आहे. बंद भट्टीतील प्रत्यक्ष मात्रा तिच्यापेक्षा पुष्कळच कमी असणे अपेक्षित असते.

चौथी बाब इमारतीची. छत गळते काय, पावसाचे वा भूजल आत शिरते काय, रंगाचे पोपडे सुटले आहेत काय आणि ज्वलनशील सामान साचले आहे काय, हे तपासनीस प्रत्यक्ष फिरून पाहतो. हा भाग वरकरणी क्षुल्लक वाटतो, परंतु मुरलेले दूषित द्रव्य बाहेर नेणारे सर्वांत सोपे वाहन पाणीच असल्यामुळे तळघरातील ओल ही गंभीर खूण मानावी लागते. पाचवी बाब हवेत व पाण्यात सोडलेल्या द्रव्यांच्या हिशेबाची आणि मालकाने सादर केलेल्या वार्षिक अहवालाची. शेवटची बाब दप्तराची. पूर्वी कोठे सांडलवंड झाली आणि इमारत प्रत्यक्षात कशी बांधली गेली, यांच्या नोंदी व नकाशे भट्टी मोडीत काढेपर्यंत जपून ठेवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे.

नियमभंग आढळल्यास त्याच्या गांभीर्यानुसार चार स्तरांपैकी एक स्तर दिला जातो. सर्वसाधारणपणे तपासणीचा अहवाल सार्वजनिक दप्तरात ठेवला जातो. असे अहवाल वाचताना एकसुरीपणा जाणवतो. ‘उल्लंघन आढळले नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे येत राहते. मात्र तोच या अहवालांचा उपयोग आहे. गतवर्षीचा आकडा समोर असल्याशिवाय यंदाच्या आकड्यातील लहानशी वाढ ध्यानात येऊ शकत नाही.

तपासणीच्या मर्यादा आणि स्मृतीचा प्रश्न

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. वर्षातून एकदा येणारा तपासनीस सर्व काही मोजत नाही. तो परवानाधारकाच्या नोंदींतून नमुने निवडतो आणि ते प्रत्यक्षाशी जुळवून पाहतो. म्हणजे अखेरीस विश्वास ठेवावा लागतो तो मालकाच्या दैनंदिन शिस्तीवर. ही शिस्त टिकविणे चालू भट्टीपेक्षा बंद भट्टीत अधिक अवघड असते. तेथे उत्पादन नसते, प्रतिष्ठा नसते आणि तरुण अभियंत्याला आकर्षित करील असे कामही नसते. ज्यांनी भट्टी चालविली ते निवृत्त होतात. कागदावर न आलेले ज्ञान त्यांच्याबरोबर जाते.

ओहायो राज्यातील सँडस्कीजवळच्या ‘प्लम ब्रुक’ भट्टीचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. नासा या अवकाश-संस्थेची ही साठ मेगावॅटची चाचणी-भट्टी १९६१ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली आणि खर्चकपातीमुळे जानेवारी १९७३ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर सुमारे पाव शतक ती देखरेखीखाली तशीच उभी होती. १९९८ च्या सुमारास ती पाडण्याचे ठरले, तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांना शोधून त्यांच्याकडून माहिती घ्यावी लागली. काम सुरू असताना जवळच्या ओढ्याच्या गाळात अल्प प्रमाणात सीझियम-१३७ आढळले आणि तपासाची कक्षा आवाराबाहेर न्यावी लागली. अखेर २०१२ मध्ये परवाना संपुष्टात आला. वाट पाहण्याने किरणोत्सर्ग घटला हे खरे, परंतु त्याच काळात माहितीही विरत गेली. तेव्हा किती काळ थांबावे याचे उत्तर केवळ अर्धायुष्यावरून काढता येत नाही, मनुष्यबळाच्या स्मृतीचाही हिशेब त्यात धरावा लागतो.

येथे न्यायाचा एक प्रश्नही गुंतलेला आहे. १९६० च्या दशकात ज्यांनी भट्टीचे लाभ घेतले ते निराळे, आणि तिची राखण व विघटन यांचा भार वाहणारे निराळे. मोडीत काढण्याचा निधी मालकाने आधीच सुरक्षित ठेवावा अशी अट त्यासाठीच असते. अखेरीस जागा निर्बंधमुक्त करावयाची तर तेथील शिल्लक किरणोत्सर्गापासून मिळणारी मात्रा वर्षाला ०.२५ मिलिसीव्हर्टच्या आत असली पाहिजे, असा अमेरिकेचा दंडक आहे.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० मध्ये सुरू झालेली चाळीस मेगावॅटची ‘सायरस’ ही संशोधन-भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद करण्यात आली. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली. परंतु २००० साली भाभा केंद्रातील सुविधांची सुरक्षा-देखरेख मंडळाकडून काढून केंद्राच्या अंतर्गत व्यवस्थेकडे सोपविण्यात आली. पुढे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात डीकमिशनिंगविषयी कायदेशीर चौकट नसल्याचे आणि बंद पडलेल्या केंद्रांसह कोणत्याही अणुवीज केंद्राची तशी योजना तयार नसल्याचे नमूद केले. दोन देशांतील परिस्थिती भिन्न असल्यामुळे सरसकट तुलना योग्य ठरणार नाही. तथापि तपासणारा आणि तपासला जाणारा वेगळे असावेत, व तपासणीचा निष्कर्ष नागरिकाला वाचता यावा, ही दोन तत्त्वे कोणत्याही देशात सारखीच लागू पडतात.

निष्कर्ष

निवृत्त चाचणी-अणुभट्टीतील धोका मोठा नसतो, पण तो दीर्घायुषी असतो आणि दुर्लक्षाने वाढतो. वार्षिक तपासणी हा धोका स्वतः कमी करीत नाही. ते काम निसर्गनियमाने होते. तपासणी जपते ती जबाबदारीची साखळी, म्हणजे नोंदी, नकाशे, मोजमापे आणि त्यांना उत्तरदायी असलेली माणसे. म्हणून भट्टी बांधण्याचा विचार सुरू होतो त्याच दिवशी तिच्या निवृत्तीनंतरची राखण, तिचा खर्च आणि तिची स्मृती यांचाही विचार झाला पाहिजे. हा विषय पदार्थविज्ञानाइतकाच कायदा, लोकप्रशासन, अर्थशास्त्र आणि दप्तरविद्या यांचाही आहे, आणि महाविद्यालयीन अध्यापनात त्याला त्या सर्व अंगांनी स्थान मिळणे आवश्यक आहे.