सफेदा, सुतळी आणि ऑक्सिजन

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, मिळेल त्या भावाने घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आज कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. त्यातले काही काचेचे मणी करणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती लागतात. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची काच, मऊ पडायला ८२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. नुसत्या गॅस-हवेच्या ज्योतीवर ती दाद देत नाही. त्याच ज्योतीला ऑक्सिजन दिला की ज्योत आखडते, निळी होते, आणि हट्टी कांडी निमूटपणे वाकू लागते.

हे काम मी शिकले एका निवृत्त ग्लासब्लोअरकडे. जन्मभर कॉलेजांसाठी कंडेन्सर आणि ब्युरेट जोडत आलेले काका आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मणी आणि अत्तराच्या कुप्या करतात. त्यांच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी महिन्याभरात एकच कल्पना घेऊन येतो: मशीन मिनिटाला ५ लिटर देतं, बर्नर १० खातो, तर मग रात्रभर मशीन चालवून ऑक्सिजन टाकीत साठवू या. आठ तासांत २४०० लिटर!

काका वाद घालत नाहीत. खडू घेतात आणि टेबलावरच आकडे मांडतात. पंक्चरवाल्याकडे असते तशी १०० लिटरची टाकी ७ बारपर्यंत भरली, तर त्यातून वापरायला मिळतात जेमतेम ७०० लिटर. म्हणजे सत्तर मिनिटांचं काम. मशीन सोबत चालू ठेवलं तर दुप्पट. २४०० लिटर मावायला साडेतीनशे लिटरची टाकी हवी. ती शेडमध्ये ठेवली की माणसाने कुठे बसायचं? शिवाय मशीनमधून ऑक्सिजन बाहेर पडतो तो जेमतेम अर्ध्या बारच्या दाबाने. तो ७ बारवर न्यायचा तर मध्ये कॉम्प्रेसर आला, आणि सगळा घोळ तिथे आहे.

जुन्या बाजारात फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो. त्या काळ्या बंद डब्याच्या पोटात तेल असतं, मोटर त्यावरच चालते. गॅरेजमधला कॉम्प्रेसरही बहुधा तेलावरचाच. हवा दाबताना हे तेल खपून जातं. पण नव्वद टक्क्यांवरचा ऑक्सिजन, दाबल्यामुळे आलेली उष्णता आणि तेलाचे कण एकत्र आले की ठिणगीचीही वाट बघावी लागत नाही. ‘ऑइल-फ्री’ असं लिहिलेलं यंत्र घेतलं तरी ते हवेसाठी बनवलेलं असतं. त्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि रबरी पडदे ऑक्सिजनचा विचार करून निवडलेले नसतात. जुन्या हवेच्या टाकीत आतून तेलाचा पापुद्रा असतो. तो दिसत नाही आणि तिथे हातही पोचत नाही.

लोक दाबाला घाबरतात, टाकी फुटेल म्हणून. ती भीती खोटी नाही, पण अर्धीच आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. तो इतरांना जळायला लावतो. हवेत तो २१ टक्के असतो आणि अमेरिकेतले कामगार-सुरक्षेचे नियम २३.५ टक्क्यांच्या पुढे धोका धरतात. एवढ्याशा फरकाने. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १चं यान जमिनीवरच होतं, नुसती चाचणी चालू होती. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने. आग लागली आणि तिघे अंतराळवीर आतच गेले. नायलॉनची जाळी, व्हेल्क्रोच्या पट्ट्या अशा साध्यासुध्या वस्तूंनी तिथे भडका घेतला.

एका विद्यार्थ्याने घरी ऑक्सिजनच्या पाइपलाइनसाठी प्लंबर बोलावला होता. प्लंबर कामात चोख होता. त्याने प्रत्येक आट्यावर सुतळी गुंडाळून वर सफेदा थापला. पाण्याच्या नळाला याहून चांगला सांधा नाही. पण सफेदा कालवतात जवसाच्या तेलात, आणि सुतळी म्हणजे वातच. काकांनी फोटो पाहिला आणि सगळं उतरवून भंगारात द्यायला लावलं. पितळी फिटिंग, ऑक्सिजनसाठी म्हणून मिळणारी टेप. पीव्हीसी पाइप मुळीच नाही.

सिलिंडर लावताना काकांकडे बघत राहावं. आधी साबणाने हात धुतात. ऑक्सिजनचा पाना वेगळा, निळ्या रंगाने रंगवलेला, तो इतर हत्यारांत कधी मिसळत नाही. व्हॉल्व्ह क्षणभर किलकिला करून तोंडातली धूळ उडवतात, मग रेग्युलेटर बसवतात. डायलवर बारीक अक्षरांत ‘यूज नो ऑइल’ छापलेलं असतं. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल केला, की स्वतः अशा बाजूला उभे राहतात की रेग्युलेटर आणि ते यांच्यामध्ये सिलिंडर यावा. चावी इतकी हळू फिरते की काटा हलतोय का तेच कळत नाही. झटक्यात उघडलं तर १५० बारचा वायू रेग्युलेटरच्या बंद टोकावर आदळतो आणि दाबला गेल्यामुळे तिथलं तापमान क्षणात काहीशे अंशांवर जातं. आत नायलॉनचा तुकडा किंवा चिमूटभर कचरा असला तर तेवढं पुरे.

ऑक्सिजनच्या नळीने कपड्यांवरची धूळ उडवणारे वेल्डर मी पाहिले आहेत. सुती कापडात ऑक्सिजन भरून राहतो, आणि तोच माणूस पुढच्या मिनिटाला लायटर पेटवतो. याला धाडस म्हणत नाहीत.

माझं मत विचाराल तर घरगुती टाकी करूच नये. लहान मण्यांना ५ लिटर पुरतं, फक्त कमी दाबावर चालणारा बर्नर घ्यायचा. मोठ्या कामाला दोन मशीन जोडायची किंवा सरळ सिलिंडर आणायचा. ४६.७ लिटरच्या काळ्या सिलिंडरमध्ये १५० बारला सात हजार लिटर मावतात, मिनिटाला १० या हिशोबाने अकरा तासांहून जास्त. त्याच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते. ती टाकायचा परवाना ज्यांच्याकडून मिळतो त्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात आहे, आपल्या टाकीवर अशी तारीख कोण ठोकणार? अडचण एकच: गॅसच्या साठ्यापासून वीस फूट अंतर, नाही तर मध्ये पाच फुटी न जळणारी भिंत, असं अमेरिकेतला नियम सांगतो. फ्लॅटच्या बाल्कनीत ते जमत नाही. काकांनी शेडच्या मागे विटांची भिंत घातली, सिलिंडर साखळीने तिला बांधला, आणि मशीन आत ज्योतीपासून लांब, खिडकीपाशी ठेवलं.

सिलिंडर यायच्या दिवशी ते डोक्याला तेलही लावत नाहीत. काकू म्हणतात, एरवी सांगून थकले.