कळसूबाईवर हिम का पडत नाही?

गारपीट झाली की शेते पांढरीशुभ्र दिसतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात आणि ‘आपल्याकडे काश्मीर झालं’ असे जो तो म्हणतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये अहमदनगरसह (आताचे अहिल्यानगर) राज्याच्या मोठ्या भागाने हे पाहिले. पिके झोपली, ते काश्मीर कुणालाच नको होते. मात्र त्या गारा होत्या. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात मुख्यतः डिसेंबर ते मार्च पडते ते हिम वेगळे.

अकोले तालुक्यातील कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून तिथे गारठा असतो, पण हिम पडण्याइतका नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण चार ते पाच किलोमीटरवर असते. गंमत म्हणजे तिच्यावरच्या उंच ढगांत हिमकण तयार होतातच. ते सावकाश उतरतात, वाटेत वितळतात आणि आपल्या अंगावर पाऊस म्हणून पडतात. गारेला मात्र तापलेल्या जमिनीवरून वेगाने चढणारी हवा ढगातच तोलून धरते. तिच्यावर पाणी गोठत जाते आणि जड झालेली गार पुरती वितळण्याआधीच खाली आदळते.

गारांचा मार सगळ्यांना दिसतो, भिजण्याकडे दुर्लक्ष होते. माळावरचा मेंढपाळ किंवा कांदा काढणारी बाई ओल्या कपड्यांत वाऱ्यात अडकली, की अंगातली ऊब झपाट्याने जाते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. वृद्धांना आणि लहान मुलांना धोका जास्त. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, तोल जातो. गुंगी येऊन थरथर थांबली, की घरच्यांना वाटते माणूस सावरला. प्रत्यक्षात तो अधिक बिघडलेला असतो.

ओले कपडे लगेच काढावेत, कोरड्या घोंगडीत किंवा गोधडीत गुंडाळावे, छाती-पोट आधी उबदार करावे. हातपाय चोळू नयेत. पूर्ण शुद्धीत असेल तर गोड, गरम चहा द्यावा. ‘ऊब येते’ म्हणून दारू देण्याची पद्धत घातक आहे. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलेली ऊबही बाहेर जाते. गुंगी असेल तर तोंडाने काहीही न देता १०८ ला फोन करावा. आणि गारा सुरू होताच आसरा शोधावा तो पक्क्या घराचा, झाडाखालचा नव्हे; त्याच ढगात वीजही असते.