एसएमपीएस (गेमिंग संगणक)

एसएमपीएस हे ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ या संज्ञेचे संक्षिप्त रूप आहे. घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहाचे संगणकाच्या भागांना लागणाऱ्या कमी दाबाच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करणाऱ्या संचास एसएमपीएस म्हणतात. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. हा संच त्यापासून मुख्यतः १२, ५ व ३.३ व्होल्टचा पुरवठा तयार करतो. गेमिंग संगणकातील सर्व महागडे भाग याच संचाला जोडलेले असल्याने त्यातील बिघाडाची झळ त्या सर्वांना बसू शकते.

क्षमतेची गणना

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे विजेचे सर्वांत मोठे ग्राहक होत. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट, तर एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० या कार्डाची ४५० वॉट आहे. मदरबोर्ड, स्मृती, डिस्क व पंखे यांसाठी सुमारे १०० वॉट धरल्यास बेरीज सुमारे ८०० वॉट होते. या कार्डासाठी उत्पादकाची शिफारस किमान ८५० वॉटची आहे. मात्र अशा प्रोसेसरसोबत १००० वॉटचा संच घेतल्यास पुरेशी राखीव क्षमता राहते.

ग्राफिक्स कार्डाची मागणी काही मायक्रोसेकंदांसाठी एकदम उसळते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकानुसार ४५० वॉटपेक्षा मोठ्या संचाने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सहन करणे अपेक्षित आहे.

एकूण वॉटइतकाच १२ व्होल्टच्या वाहिनीचा आकडा महत्त्वाचा असतो, कारण प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही भाग मुख्यतः तिच्यावर चालतात. वेष्टनावर ५०० वॉट लिहिलेल्या संचाच्या तक्त्यात १२ व्होल्टला २० अँपियर एवढेच नमूद असेल, तर त्या वाहिनीवर २४० वॉटच उपलब्ध असतात.

कार्यक्षमता

‘८० प्लस’ हे प्रमाणन २००४ मध्ये सुरू झाले. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझ श्रेणीस ८५, गोल्ड श्रेणीस ९० आणि टायटेनियम श्रेणीस ९४ टक्के कार्यक्षमता आवश्यक असते. ५०० वॉटच्या भारासाठी ८० टक्के कार्यक्षमतेचा संच भिंतीतून ६२५ वॉट, तर ९० टक्क्यांचा सुमारे ५५६ वॉट घेतो. रोज चार तासांच्या वापरात हा फरक महिन्याला सुमारे ८ युनिट होतो. मात्र ही श्रेणी कार्यक्षमता दर्शवते. संचाची सुरक्षितता किंवा टिकाऊपणा त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी अतिदाब, अतिप्रवाह, अतितापमान व शॉर्ट सर्किट यांपासूनचे संरक्षण तपासावे लागते.

स्थानिक परिस्थिती

सांगलीतील विश्रामबाग भागात वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असून परिसरात विद्यार्थ्यांची मोठी वस्ती आहे. अशा ठिकाणी भाड्याच्या खोलीत संगणक बसवताना संचाइतकाच खोलीतील वीजजोडणीचा विचार करावा लागतो. ६ अँपियरचा सॉकेट २३० व्होल्टला कमाल १३८० वॉट देऊ शकतो. त्याच सॉकेटवर बहुसॉकेट लावून इस्त्री किंवा हीटर चालवल्यास तो तापतो. अर्थिंग नसेल, तर गळतीचा प्रवाह वाहून जाण्यास मार्ग मिळत नाही व संगणकाच्या धातूच्या पेटीला स्पर्श करताना झटका बसू शकतो.

उन्हाळ्यात खोलीचे तापमान वाढते, त्यामुळे पूर्ण क्षमता ४० अंशांना दिली आहे की ५० अंशांना, हे पाहणे उपयुक्त ठरते. वळिवाच्या विजांच्या वेळी प्लग काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

यूपीएसची क्षमता व्होल्ट-अँपियरमध्ये दिलेली असते. ०.६ शक्तिगुणकाचा १००० व्हीए यूपीएस ६०० वॉटच देतो. चौरस तरंग देणाऱ्या स्वस्त यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर शक्तिगुणक सुधारणारे काही आधुनिक संच अचानक बंद पडतात. त्यांच्यासाठी शुद्ध साइन तरंगाचे उपकरण योग्य असते.

दक्षता

वेगवेगळ्या संचांच्या सुट्या केबल एकमेकांना जोडू नयेत. प्लगचा आकार सारखा असला तरी तारांचा क्रम भिन्न असू शकतो व भाग जळू शकतात. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरासारख्या प्रसंगी भिजलेला संच वाळवून पुन्हा चालू करणे धोकादायक असते. वीज बंद केल्यावरही धारित्रांमध्ये प्राणघातक दाब शिल्लक राहू शकत असल्याने संच घरी उघडू नये.